संगीत रंगभूमी आणि आपली घरे

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



वार्षिक संमेलनात व्याख्यान देण्याचा मान कार्यकारी मंडळाने या वर्षी आम्हांस दिला, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. आम्ही संगीताचे पंडित नाही, की नाट्यशास्त्राचे अभ्यासकही नाही. आयुष्याची उमेद हिशेबाच्या वह्यांत गेली. परंतु लहानपणापासून कानांवर पडलेली नाट्यपदे ऐंशीच्या घरात आल्यावरही कानांतून गेली नाहीत, एवढीच काय ती आमची पात्रता. 'मराठी संगीत रंगभूमीचा इतिहास व विकास' असा विषय चिटणीसांनी दिला, तो आम्ही आनंदाने स्वीकारला. मात्र या इतिहासाला एक बाजू आहे, जी नाट्यगृहात दिसत नाही, ती आपल्या माजघरांत दिसते. तिच्याविषयीही आज चार शब्द बोलावे, अशी आमची इच्छा आहे. त्यात काही कटू वाटले तर ते प्रथम आमच्याच घराला लागू आहे, हे ध्यानी घेऊन आपण आम्हांस क्षमा करावी.

उगम

मराठी माणसाला नाटकाचे वेड किती जुने आहे हे सांगू लागल्यास कीर्तन, लळित, दशावतार, गोंधळ व तमाशा यांपासूनच आरंभ करावा लागेल. सतराव्या शतकाच्या अखेरीस तंजावरच्या भोसले राजांच्या दरबारी मराठी नाटके लिहिली गेली. त्यांची हस्तलिखिते तेथील सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. परंतु ती परंपरा दक्षिणेतच राहिली. महाराष्ट्रातील रंगभूमीचा जन्म आपण मानतो तो 1843 साली, सांगली येथे. कर्नाटकातून आलेल्या एका भागवत मंडळीचा खेळ पाहून तसा खेळ मराठीत व्हावा, असे सांगलीचे अधिपती श्रीमंत चिंतामणराव ऊर्फ आप्पासाहेब पटवर्धन यांच्या मनात आले. त्यांनी ती कामगिरी आपल्या पदरच्या विष्णुदास भावे यांच्यावर सोपविली. त्या वर्षीच्या 5 नोव्हेंबर रोजी 'सीता स्वयंवर' झाले. म्हणून आजही 5 नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो.

भाव्यांच्या नाटकांतही गाणे होतेच. पण ते गाणे पात्रांचे नव्हते. सूत्रधार एका बाजूस उभा राहून पदे म्हणत असे आणि पात्रे त्या प्रसंगाला अनुसरून आयत्या वेळी सुचेल ते भाषण करीत. राक्षस आरोळ्या ठोकीत आणि देव तलवारी फिरवीत. 1851 साली आप्पासाहेब निवर्तले व राजाश्रय सुटला. तेव्हा भावे मंडळी घेऊन बाहेर पडले आणि 1853 साली मुंबईस जाऊन त्यांनी तिकीट लावून खेळ केले. राजवाड्यातील कला पेठेत आली ती अशी. पुढे जे वैभव आले आणि जी विपत्ती आली, त्या दोहोंचे बीज या तिकिटातच होते, हे आपण विसरू नये.

किर्लोस्करांची क्रांती

'सीता स्वयंवर'नंतर सदतीस वर्षांनी जे घडले त्याला क्रांतीच म्हणावे लागेल. पुण्यात महसूल खात्याच्या कचेरीत नोकरीस असलेले बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी पारशी मंडळींचे संगीत नाटक पाहिले. आपल्या भाषेत असे का होऊ नये, या ईर्षेने त्यांनी कालिदासाचे शाकुंतल मराठीत आणण्यास घेतले. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात 'संगीत शाकुंतल'चे पहिले चार अंक झाले. या प्रयोगात नवे काय होते? नवे हे, की सूत्रधाराचे गाणे पात्रांच्या मुखी आले. दुष्यंताचा विरह दुष्यंतच गाऊ लागला. लिहिलेले भाषण आणि त्यातूनच उमलणारे पद अशी जोड येथे जमली. आज ही गोष्ट आपणांस इतकी सहज वाटते की, ती कोणाला तरी प्रथम सुचावी लागली होती हेच लक्षात येत नाही.

अण्णासाहेबांनी चाली कोठून घेतल्या हेही पाहण्यासारखे आहे. साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत हे कीर्तनातले व घरोघर स्त्रियांच्या ओठी असलेले छंद, लावणीच्या चाली, कानडी मुलखातील पदांच्या चाली, असे सारे त्यांनी एका ताटात वाढले. शाकुंतलात पदे दोनशेच्या आसपास होती. पण ती लहान असत, कथा पुढे नेत आणि एकदा ऐकून तोंडी बसत. 1882 साली 'संगीत सौभद्र' आले. अर्जुन, सुभद्रा, कृष्ण, नारद ही पात्रे पुराणातली खरी, पण त्यांचे रुसवेफुगवे मात्र अगदी आपल्या वाड्यातले! मुलीचे लग्न थोरल्या भावाच्या मर्जीने ठरावे की तिच्या मनाने, हाच त्या नाटकाचा प्रश्न आहे. म्हणून प्रेक्षकांत बसलेल्या प्रत्येक गृहस्थाला बलराम आपल्याच घरातला वाटे. मोरोबा वाघोलीकर, बाळकोबा नाटेकर आणि बडोद्याहून आलेले भाऊराव कोल्हटकर अशी गाणारी मंडळी किर्लोस्करांना लाभली. 1885 साली, वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी अण्णासाहेब गेले. पाच वर्षांच्या कारकिर्दीत त्यांनी जे उभारले ते पुढे अर्धशतक टिकले.

भाऊराव कोल्हटकरांचा आवाज कसा होता? ज्यांनी तो ऐकला त्यांनी भरभरून लिहून ठेवले आहे. परंतु भाऊराव 1901 च्या आरंभी वारले आणि हिंदुस्थानात ग्रामोफोनचे ध्वनिमुद्रण सुरू झाले ते 1902 साली. अवघ्या पावणेदोन वर्षांच्या अंतराने तो आवाज कायमचा हरपला. जे टिपून ठेवले नाही ते गेले, ही गोष्ट आजच्या आमच्या सांगण्याशी जवळून निगडित आहे. तिच्याकडे आम्ही शेवटी पुन्हा येऊ.

शारदा

किर्लोस्करांचे शिष्य गोविंद बल्लाळ देवल. त्यांनी 1899 साली 'शारदा' रंगभूमीवर आणली. त्यापूर्वीची गाजलेली संगीत नाटके बहुधा पुराणांतून वा संस्कृतातून आलेली. शारदेत देव नाहीत, राजे नाहीत. पैशाच्या लोभाने पोटची मुलगी म्हाताऱ्याला द्यावयास निघालेला कांचनभट आहे, लग्नाला उतावीळ झालेला भुजंगनाथ आहे, मध्यस्थी करणारा भद्रेश्वर आहे. आमच्या आजीने हे नाटक मुलगी असताना पाहिले होते. प्रयोगाच्या वेळी बायकांच्या बाजूने हुंदके ऐकू येत, असे ती सांगे. घरी वडिलांसमोर जे बोलता येत नसे, ते शारदा सर्वांदेखत गाऊन सांगत होती.

येथे एक गैरसमज दूर करावासा वाटतो. 1929 साली बालविवाहास प्रतिबंध करणारा कायदा झाला. तो 'शारदा कायदा' या नावाने ओळखला जातो व पुष्कळांना वाटते की देवलांच्या शारदेवरून ते नाव पडले. तसे नव्हे. हे विधेयक मांडणारे अजमेरचे हरविलास सारडा यांचे ते नाव आहे. परंतु मराठी माणसाने 'सारडा'चे 'शारदा' केले, यातच देवलांच्या नाटकाचा जय आहे असे आम्ही मानतो. कायदा दिल्लीस झाला खरा, पण मराठी मनाची मशागत त्याआधी तीस वर्षे या पदांनी केली होती.

सुवर्णकाळ

नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व, 1905 साली किर्लोस्कर मंडळीत आले आणि ज्याला आपण सुवर्णकाळ म्हणतो त्याचा आरंभ झाला. 12 मार्च 1911 रोजी मुंबईत कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'मानापमान' प्रथम झाले. त्याच दिवशी बालगंधर्वांच्या लहान मुलीचा मृत्यू झाला होता. तरीही खेळ न थांबविता ते भामिनी म्हणून उभे राहिले, ही हकीकत आपणांपैकी अनेकांनी ऐकली असेल. 'मानापमान'च्या चाली गोविंदराव टेंबे यांनी दिल्या. पूर्वेकडील ठुमरी, दादरा, कजरी यांचा नवा रंग त्यांनी मराठी पदांस चढविला. 1913 साली बालगंधर्व, गणपतराव बोडस व टेंबे यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. 1916 साली 'स्वयंवर' आले. त्याचे संगीत गायनाचार्य भास्करबुवा बखले यांचे. येथे नाट्यपद ख्यालाच्या उंबरठ्यावर जाऊन उभे राहिले. दोनशे पदांची शाकुंतलाची रीत मागे पडून पन्नासएक पदे, पण प्रत्येक पद विस्ताराने आळविलेले, अशी नवी रीत पडली.

या बदलाने मिळविले काय आणि गमावले काय, हे निष्पक्षपणे सांगितले पाहिजे. मिळविले हे, की रागदारी संगीत दरबारातून व मोजक्या रसिकांच्या बैठकीतून निघून चार आण्यांच्या प्रेक्षकापर्यंत पोहोचले. ज्याला रागाचे नाव ठाऊक नाही असा आपल्या गावचा वाणी, शिंपी, मास्तर भीमपलास वा यमन गुणगुणू लागला. गायनाची कोणतीही पाठशाळा हे करू शकली नसती. गमावले हे, की नाटक थांबू लागले. 'वन्स मोअर'च्या आरोळीपुढे कथानकाचे काही चालेना. रात्री सुरू झालेला खेळ पहाटेपर्यंत लांबू लागला. नायिका मूर्च्छित पडावयाची ती तीनदा गाऊन मग पडू लागली! प्रेक्षक नाटकाला न जाता गाण्याला जाऊ लागला, आणि गाणे ऐकण्यास नाटकच हवे असे नाही हे त्याला पुढे कळले तेव्हा नाटक ओस पडले.

तरीही त्या वीस वर्षांचे वैभव विलक्षण होते यात संशय नाही. साथीस ऑर्गन, सारंगीवर कादरबक्ष, तबल्यावर अहमदजान थिरकवाँ, असा थाट गंधर्व मंडळीत होता. बडोद्याचे सयाजीराव महाराज व कोल्हापूरचे शाहू महाराज यांच्यासारखे आश्रयदाते होते. राम गणेश गडकरी 23 जानेवारी 1919 रोजी गेले आणि त्यांचे 'एकच प्याला' त्यानंतर महिन्याच्या आत, 20 फेब्रुवारीस, बडोद्यास रंगभूमीवर आले. त्याची पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांनी रचली. फाटक्या लुगड्यातली सिंधू पाहून दारू सोडल्याच्या कथा घरोघर सांगितल्या जात.

दुसरीकडे केशवराव भोसले यांनी 1908 साली ललितकलादर्श मंडळी काढली होती. लहान वयातच शारदेची भूमिका करून नाव मिळविलेला हा मुलगा वयाच्या अठराव्या वर्षी मंडळीचा धनी झाला. 8 जुलै 1921 रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी दोन्ही मंडळ्यांनी मिळून 'संयुक्त मानापमान' केले. त्यात केशवराव धैर्यधर व बालगंधर्व भामिनी होते. दोन प्रतिस्पर्धी एका कार्यासाठी एका रंगपटात तोंडाला रंग लावून बसले. त्यानंतर तीन महिन्यांतच, 4 ऑक्टोबर रोजी, केशवराव ऐन एकतिसाव्या वर्षी वारले. शाहू महाराजांनी कोल्हापुरात बांधविलेल्या पॅलेस थिएटरला पुढे त्यांचेच नाव देण्यात आले. ते नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 रोजी रात्री आगीत होरपळले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री कोल्हापुरातील वृद्ध कलावंत रस्त्यावर उभे राहून रडले. वास्तू पुन्हा उभी करता येते, आणि केशवरावांच्या नावाची ती वास्तू उभी राहावीच, अशी आमची प्रार्थना आहे.

रंगपटामागे

बंधुभगिनींनो, येथवर जे सांगितले ते पुस्तकांत आहे. आता जे सांगणार आहोत ते पुस्तकांत नाही.

आमच्या आजोबांचे सर्वांत धाकटे बंधू, ज्यांना आम्ही 'धाकटे आजोबा' म्हणत असू, ते दहाव्या-अकराव्या वर्षी घर सोडून एका फिरत्या नाटक मंडळीबरोबर गेले. कृष्णाकाठच्या आमच्या गावी मंडळीचा मुक्काम होता. देवळातल्या भजनात मुलाचा गळा मालकांनी ऐकला, गोडधोड खाऊ घातले, एक पद शिकविले आणि मुक्काम हलला तेव्हा मुलगाही हलला. पणजोबांनी शोध केला नाही. उलट त्यांनी घरात सांगून ठेवले की, यापुढे त्याचे नाव काढावयाचे नाही. तोंडाला रंग फासून लुगडे नेसणारा मुलगा आपला नव्हे! त्या काळी 'नाटक्या' ही शिवी होती. नाटक्याला कोणी मुलगी देत नसे, भाड्याने खोली देत नसे. गावजेवणात त्याचे पान वेगळे पडे.

पुढील हकीकत धाकट्या आजोबांच्याच तोंडून आम्ही तुटक तुटक ऐकली. मंडळीत पाच वर्षे ते स्त्रीपार्टी होते. पहाटे उठून खर्जाचा रियाज, दुपारी तालीम, रात्री खेळ आणि मुक्काम हलताना बैलगाडीत ट्रंकांवर झोप, असा दिनक्रम असे. जेवण सर्वांचे एका पंगतीस होई आणि आजारपणात मालकीणबाई स्वतः उशाशी बसत. 'घर सुटले, पण घर मिळाले,' असे ते म्हणत. पंधराव्या-सोळाव्या वर्षी त्यांचा आवाज फुटला. रंगभूमीवर गाणाऱ्या मुलांच्या वाट्याला हा एक मृत्यूच येई. ज्यांचा आवाज पुन्हा जमला ते नायक झाले. ज्यांचा जमला नाही ते पडदे ओढू लागले. धाकट्या आजोबांचा जमला नाही. त्यांनी पुढची वीस वर्षे कपडेपट सांभाळला, नव्या मुलांना पदे पाठ करून दिली आणि पडद्याआडून चुकलेल्याला ओळ सांगितली.

मग बोलपट आला. 1931 साली 'आलम आरा' आणि 1932 साली मराठीतला 'अयोध्येचा राजा' निघाला. त्या मराठी बोलपटाचे संगीत देणारे व त्यात हरिश्चंद्र झालेले गृहस्थ कोण, तर 'मानापमान'ला चाली देणारे गोविंदराव टेंबेच! रंगभूमीनेच घडविलेली माणसे घेऊन बोलपट उभा राहिला आणि रंगभूमी रिकामी झाली. शिवाय भरजरी पोशाख व पडद्यांपायी मंडळ्यांच्या डोक्यावर कर्जे होती, व्यापारात मंदी होती आणि थोड्या पैशांत दोन-अडीच तासांत खेळ आटोपून घरी जाता येत होते. खुद्द बालगंधर्वांनी 1935 साली 'धर्मात्मा' या बोलपटात काम केले. मोठ्या मंडळ्यांची ही गत, तेथे लहान मंडळ्यांचे काय विचारता? धाकट्या आजोबांची मंडळी 1933 च्या सुमारास मोडली. मालकांनी सामानाचा लिलाव केला आणि प्रत्येकाच्या हाती जे आले ते दिले. त्यांच्या हाती एक ट्रंक आली.

1949 साली, पन्नाशी उलटल्यावर, ती ट्रंक घेऊन ते आमच्या दारात उभे राहिले. पणजोबा केव्हाच गेले होते. आमच्या आजोबांनी त्यांना घरात घेतले, पण ओटीपलीकडे नव्हे. ओटीवरच्या कोपऱ्यातील खोली त्यांना मिळाली. आम्हां मुलांना त्यांच्याजवळ बसण्याची मनाई होती. आजी मात्र पहाटेचा चहा आमच्याच हाती पाठवी आणि 'लगेच परत ये' असे मोठ्याने सांगून आम्ही उशिरा आलो तरी काही म्हणत नसे.

आता यातला विसंवाद पाहा. आमच्या दिवाणखान्यात ग्रामोफोन होता. रविवारी दुपारी पाहुणे जमत, बालगंधर्वांच्या, मास्तर दीनानाथांच्या तबकड्या लागत, आमचे आजोबा डोळे मिटून दाद देत. आणि ती पदे ज्याला मुखोद्गत होती, प्रत्येक हरकत कोणी कोठे प्रथम घेतली हे ज्याला ठाऊक होते, तो माणूस दहा पावलांवर ओटीवरच्या खोलीत एकटा बसलेला असे. तबकडी आम्हांला चालत होती, माणूस चालत नव्हता! मुलाच्या वयात आम्हांला हे कळले नाही. कळू लागले तेव्हा, 1957 साली, ते वारले.

आमचे घर याला अपवाद होते असे कोणी समजू नये. ज्या गोमंतकाने मराठी रंगभूमीला मास्तर दीनानाथांसारखा गायकनट दिला, मोगूबाई कुर्डीकरांसारखी गायिका दिली, तेथील देवळांशी बांधलेल्या कलावंत घराण्यांना समाजाने काय वागणूक दिली हे सर्वश्रुत आहे. मोगूबाई लहानपणी नाटक मंडळ्यांतूनच वाढल्या. स्त्रियांच्या स्वतंत्र नाटक मंडळ्या होत्या आणि त्यांत पुरुषांच्या भूमिकाही स्त्रियाच करीत. पण 'घरंदाज' मुलीने पुरुषाशेजारी रंगभूमीवर उभे राहावे ही कल्पनाही सहन होत नसे. 1929 च्या सुमारास हिराबाई बडोदेकरांनी आपली नाट्यसंस्था काढून हे धाडस केले. 1933 साली नाट्यमन्वंतर संस्थेच्या 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात स्त्रियांची कामे स्त्रियांनीच केली आणि पदे अगदी मोजकी ठेवली. त्यात गाणाऱ्या ज्योत्स्ना भोळे पुढे 1942 साली मोतीराम गजानन रांगणेकरांच्या 'कुलवधू'त घरोघर पोहोचल्या. नाटकाचे नाव 'कुलवधू' आणि तिचा व्यवसाय अभिनयाचा! पंचवीस वर्षांपूर्वी ज्या गोष्टीची लाज होती तीच आता अभिमानाने पाहिली जाऊ लागली. काळ बदलतो तो असा, कोणीतरी आधी सोसल्यावर.

पुनरुज्जीवन आणि आज

संगीत नाटक संपले असे वाटत असतानाच 1960 च्या सुमारास त्याला नवी पालवी फुटली. विद्याधर गोखले यांचे 'पंडितराज जगन्नाथ' 1960 साली, 'मंदारमाला' 1963 साली आले. धी गोवा हिंदु असोसिएशनने 1964 साली वसंत कानेटकरांचे 'मत्स्यगंधा' व 1966 साली वि. वा. शिरवाडकरांचे 'ययाति आणि देवयानी' आणले. 1967 साली पुरुषोत्तम दारव्हेकरांचे 'कट्यार काळजात घुसली' आले. या तिन्ही नाटकांचे संगीत पंडित जितेंद्र अभिषेकी यांचे. अभिषेकीबुवांनी पद आटोपशीर केले, नाटकाला पुन्हा त्याची जागा दिली आणि तरी रागाचा गाभा सोडला नाही. 'कट्यार'मधील वसंतराव देशपांड्यांचे खाँसाहेब आम्ही पाहिले आहेत. पन्नासएक वर्षे उलटली तरी तो स्वर आठवला की अंगावर काटा येतो. त्याच 1967 च्या जुलैत बालगंधर्वांनी डोळे मिटले. पुढील वर्षी पुण्यात त्यांच्या नावाचे रंगमंदिर उभे राहिले.

त्यानंतर जयराम व जयमाला शिलेदार आणि त्यांच्या कन्या यांनी 'मराठी रंगभूमी' ही संस्था चालवून जुनी नाटके जिवंत ठेवली. कीर्ती शिलेदार 2022 साली गेल्या. ललितकलादर्शचे भालचंद्र पेंढारकर 2015 साली गेले. राज्य शासनाच्या संगीत नाट्यस्पर्धा होतात, गोव्यात जत्रांच्या निमित्ताने गावकरी स्वतः तोंडाला रंग लावून संगीत नाटके करतात, आणि 2015 साली 'कट्यार'वर निघालेल्या चित्रपटाने ज्यांनी नाटक कधी पाहिले नाही अशा मुलांनाही ती पदे गुणगुणावयास लावली. आमची नात परदेशात राहते. तिने दूरध्वनीवर आम्हांला विचारले, 'आजोबा, ही गाणी तुम्हांला आधीपासून ठाऊक होती?' आम्ही हसलो. पण मनात आले की हिला धाकट्या आजोबांविषयी कोणी काही सांगितलेलेच नाही.

एक विनंती

आता शेवटचे. आपल्या मंडळाने काही दशकांपूर्वी कुलवृत्तांत प्रसिद्ध केला. तो फार परिश्रमाचा ग्रंथ आहे व त्याच्या संपादकांविषयी आम्हांला आदर आहे. त्यात आमच्या घराण्याच्या पानावर आमच्या पणजोबांना दोन पुत्र असल्याची नोंद आहे. ही चूक संपादकांची नव्हे. माहितीचा तक्ता आमच्या घरातूनच भरून गेला होता. पणजोबांना पुत्र तीन होते. तिसरा, घरातल्या मुलांत सर्वांत गोड गळ्याचा, आम्ही लोकांनी कागदावरून पुसला.

कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीचे काम आता सुरू झाले आहे. आमच्या घराण्याचा दुरुस्त तक्ता आम्ही आज चिटणीसांच्या स्वाधीन करीत आहोत. तिसऱ्या पुत्राच्या नावापुढे 'व्यवसाय' या रकान्यात आम्ही लिहिले आहे: 'संगीत नाटक मंडळीत नट व तालीममास्तर'. आमच्या पणजोबांच्या आत्म्यास यामुळे क्लेश होतील असे आम्हांला वाटत नाही. होत असतील तर त्याचे उत्तर आम्ही लवकरच समक्ष जाऊन देऊ!

धाकट्या आजोबांची ट्रंक आमच्याकडे आहे. तीत नाटकांच्या पद्यावल्या आहेत, गावोगावच्या प्रयोगांच्या जाहिराती आहेत, त्यांच्या हाताने पदांवर लिहिलेल्या रागतालांच्या खुणा आहेत आणि घडी घातलेली एक जुनी साडी आहे. साडी सोडून बाकी सर्व मंडळाच्या ग्रंथालयास देण्याचा आमचा संकल्प आहे. साडी आमच्या नातीला हवी आहे.

आपणा सर्वांना विनंती एवढीच, की घरी गेल्यावर आपापल्या माळ्यावरच्या ट्रंका एकदा उघडून पाहाव्या. या सभागृहात बसलेल्या कितीतरी घरांत एखादा गेलेला मुलगा असेल, एखादी गाणारी आत्या असेल, जिचे गाणे लग्नानंतर बंद झाले. त्यांची नावे तक्त्यात भरावी, छायाचित्र असेल तर ते द्यावे, आणि घरातल्या वृद्धांना त्यांच्याविषयी विचारून चार ओळी लिहून ठेवाव्या. भाऊरावांचा आवाज पावणेदोन वर्षांनी हुकला. आपल्या घरातील आठवणी इतक्या अवधीचीही वाट पाहतील असे नाही. आमच्याच वयाकडे पाहिले तरी हे पटेल.

संगीत रंगभूमी मोठी झाली ती मोठ्या नटांमुळे, हे खरे. पण त्या नटांच्या मागे पडदा ओढणारे, ओळ सांगणारे, आवाज फुटल्यावरही मंडळी न सोडणारे जे शेकडो लोक उभे होते, त्यांच्यामुळेही ती मोठी झाली. ते कोणाचे तरी मुलगे होते. त्यांतील काही आपले होते.